वार्तापत्राचा वर्ग कोणता?

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या वेळी ग्रंथांची संख्या सांगितली जाते, दुर्मिळ पोथ्यांचा उल्लेख होतो, देणगीदारांचे स्मरण केले जाते. हे सर्व यथोचितच आहे. परंतु ग्रंथपालाच्या विवेकाची कसोटी पाहणारी एक वस्तू अशा प्रसंगी सहसा आठवली जात नाही. ती म्हणजे चार-आठ पानांचे वार्तापत्र. एखादी संस्था, कारखाना, शेतकी संघ किंवा शाळा ते काढते, टपालाने ग्रंथालयाकडे पाठवते आणि ते मेजावर येऊन पडते. ग्रंथावर लेखकाचे नाव असते, विषय शीर्षकावरून कळतो. वार्तापत्रात मात्र पहिल्या पानावर सभेचा वृत्तांत, दुसऱ्यावर बाजारभाव, तिसऱ्यावर आरोग्यविषयक सूचना आणि चौथ्यावर एखादी कविता असते. याची नोंद कोणत्या वर्गात करावयाची?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचा परिणाम किरकोळ नसतो. ज्याचा वर्ग ठरत नाही ते ‘इतर’ या ढिगात जाते आणि जागेची टंचाई निर्माण झाली की पहिल्याने रद्दीत जातो तो हाच ढीग. ग्रंथ सहसा अन्यत्र कोठेतरी शिल्लक असतो. गावातल्या वार्तापत्राची प्रत मात्र गावच्या वाचनालयात नसेल, तर बहुधा कोठेच नसते. म्हणजे वर्ग चुकला तर आजचा वाचक मुकतो आणि वर्ग ठरलाच नाही तर उद्याचा इतिहासकारही मुकतो. म्हणून हा विषय ग्रंथपालाच्या टेबलापुरता नाही. वार्तापत्र काढणाऱ्याचा, ते वाचणाऱ्याचा आणि ते जपणाऱ्याचा, अशा तिघांचा हा विषय आहे.

वर्गीकरणाच्या शास्त्राने या प्रश्नाचा काही विचार केला आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये आपली दशांश पद्धती प्रसिद्ध केली. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडून प्रत्येकाला अंक देणारी ही पद्धती आपल्याकडील अनेक ग्रंथालयांनी स्वीकारली. या पद्धतीत सर्वसामान्य नियतकालिकांसाठी ०५० हा अंक आहे. त्यामुळे कोणतेही नियतकालिक हाती आले की ते ०५० मध्ये टाकून मोकळे व्हावे, असा मोह होतो. पद्धतीचा हेतू मात्र निराळा आहे. शेतीचा अंक ६३०. शेतीविषयक नियतकालिकाला त्याच अंकापुढे नियतकालिकदर्शक उपांग लागते आणि त्याची जागा ६३०.५ ही होते. म्हणजे ते शेतीच्या ग्रंथांशेजारीच राहते. त्याचे नियतकालिक असणे ही दुय्यम गोष्ट ठरते. ज्याला खरोखरच एक असा विषय नाही, तेवढ्याचसाठी ०५० ची जागा राखलेली आहे. स्वरूपापेक्षा विषय आधी पाहावा, हा यातील पहिला धडा होय.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी विचार आणखी पुढे नेला. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पंचसूत्रांचा रोख असा, की प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ लाभला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडले. कोणत्याही विषयाला अनेक पैलू असतात. मूळ वस्तू, तिचे द्रव्य, तिच्यावरील क्रिया, स्थळ आणि काळ हे सर्व वर्गांकातून दाखविता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. वार्तापत्राच्या बाबतीत हा विचार फार उपयोगी पडतो. बेळगाव तालुक्यातील भातशेतीसंबंधीचे मराठी पत्रक हे एकाच वेळी भाताचे, बेळगावचे आणि मराठीचे असते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कपाटात जागा एकच मिळणार. मुख्य पैलू कोणता हे ठरविणे म्हणजेच वर्ग निवडणे.

हा निर्णय केवळ ग्रंथपालच घेतो असे नाही. तो प्रथम संपादकाला घ्यावा लागतो आणि मराठी नियतकालिकांच्या आरंभापासून तो घेतला गेलेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. लोकांच्या गोष्टी राज्यकर्त्यांना कळाव्यात आणि बाहेरच्या जगाच्या गोष्टी लोकांना कळाव्यात, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पुढे १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, इतिहास, सृष्टिशास्त्र अशा विषयांचे ज्ञान देणे हे त्याचे काम. बाळशास्त्र्यांनी एकाच पत्रात सारे कोंबण्याचा आग्रह धरला नाही. बातमीची वाट पाहणारा वाचक आणि ज्ञानाची बैठक घालू इच्छिणारा वाचक यांना दोन निरनिराळी दारे असावीत, हे त्यांनी ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषेच्या बाबतीतही मराठी संपादकांनी निरनिराळे निर्णय घेतले. ‘दर्पण’ने दोन भाषा एकाच पानावर ठेवल्या. १८८१ मध्ये ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत, अशी दोन स्वतंत्र पत्रे निघाली; कारण त्यांचे वाचक निराळे होते. १८८८ मध्ये आगरकरांनी काढलेल्या ‘सुधारका’त पुन्हा दोन्ही भाषा एकत्र आल्या आणि त्यातील इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. तीनही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. वाचक कोण, या प्रश्नाचे उत्तर तिघांचे तीन प्रकारचे होते, इतकेच.

नावावरून वर्ग ठरविण्यात काय धोका आहे, हे हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकावरून दिसते. ते १८९० मध्ये निघाले. नुसते नाव पाहणारा ते फावल्या वेळाच्या वाचनात टाकील. पण ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही स्त्रीच्या दुःखाची कादंबरी वाचकांपुढे क्रमशः आली ती याच पत्रातून. हरिभाऊंनी करमणुकीचे दार उघडे ठेवले आणि त्या दारातून समाजाचा विचार घरात नेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ची गोष्ट याहून निराळी. १८७४ पासून तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सारा मजकूर एकट्या शास्त्रीबुवांचा. अंक निघत होते तेव्हा ते मासिक होते, आज ती निबंधांचा ग्रंथ म्हणून वाचली जाते. वर्ग हा वस्तूत कायमचा कोरलेला नसतो; वाचक तिच्याकडे कोणत्या गरजेने येतो यावर तो अवलंबून असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बेळगावशी संबंधित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. सायकलींच्या दुकानापासून त्यांच्या उद्योगाला आरंभ झाला तो बेळगावात, आणि पुढे चारा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर याच उद्योगातून बाहेर पडले. बेळगावातील किर्लोस्कर रस्ता ती आठवण आजही सांगतो. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर कारखाना हलला आणि किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शं. वा., हे त्याचे संपादक. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत होते.

त्या वेळच्या एखाद्या ग्रंथपालाने ‘खबर’चा अंक हाती घेऊन त्याचा वर्ग ठरविला असता, तर तो काय ठरविला असता? कारखान्याने काढलेले, कारखान्याच्या नावाचे, कारखान्याची खबर देणारे पत्र. त्याची जागा यंत्रांच्या वर्गात किंवा व्यापारी माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात. आरंभापुरता हा निर्णय चुकीचा म्हणता आला नसता. पण नांगर विकत घेणारा शेतकरी केवळ नांगराचा विचार करीत नसतो. त्याला शेती, आरोग्य, उद्योगधंदा, घरातील सुधारणा या सर्वांविषयी कुतूहल असते. ते कुतूहल ओळखून शं. वा. मजकूर वाढवीत गेले आणि कारखान्याशी ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता असे वाचक या पत्राची वाट पाहू लागले. कालांतराने ‘खबर’ हा शब्द गळाला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० नंतरच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख याच मासिकातून महाराष्ट्रभर गेले. यंत्रांच्या गठ्ठ्यातील पत्र विचारप्रधान मासिकांच्या रांगेत येऊन बसले होते.

येथे शं. वां.नी जे केले ते विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मासिकाचे क्षेत्र रुंदावले तेव्हा सर्व प्रकारच्या वाचकांना त्याच एका अंकात बसविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. ऑगस्ट १९३० मध्ये ‘स्त्री’ हे स्वतंत्र मासिक निघाले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. तीन नावे, तीन प्रकारच्या अपेक्षा, तीन वर्ग. ज्या घरात ‘किर्लोस्कर’ येई त्या घरातील बाईला ‘स्त्री’चा अंक आपल्यासाठी आला आहे हे नावावरूनच कळे. मात्र येथे ग्रंथपालाने एक भेद विसरता कामा नये. स्त्रियांविषयीचे लेखन आणि स्त्रियांसाठीचे लेखन या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘स्त्री’ मासिक स्त्रियांसाठी होते. त्यातील विषय कथा, कायदा, शिक्षण, आरोग्य असे अनेक होते. विषयावरून पाडलेला वर्ग आणि वाचकावरून पाडलेला वर्ग यांची गल्लत झाली म्हणजे स्त्रियांच्या मासिकात पाककृती तेवढ्या असावयाच्या, अशा समजुती रूढ होतात.

आता हे सारे आजच्या एखाद्या गावाला लावून पाहावे. बेळगावाहून खानापूरकडे निघाले की उद्यमबाग ओलांडताच पिरनवाडी लागते. पुढे मच्छे. म्हणजे दोन औद्योगिक वसाहतींच्या मधले हे गाव. जांबोटीमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. घरातला एक भाऊ यंत्रशाळेत कामाला आणि दुसरा शेतात, हे चित्र या टापूत अपरिचित नाही. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे रोज कानांवर पडतात. अशा गावातून एखाद्या मंडळाने मासिक वार्तापत्र काढले, अशी कल्पना करावी. त्यात कारखान्यांतील रिकाम्या जागांची माहिती, भाताच्या पिकाची हालहवाल, शाळेचा निकाल, पाणीपुरवठ्याची तक्रार, जत्रेचा वृत्तांत आणि शेवटी कविता. त्याचा वर्ग कोणता?

पहिला मोह होईल तो ‘साहित्य’ म्हणण्याचा. मराठी माणसाला साहित्याची ओढ मोठी. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळीच्या अंकात कथा-कविता असणे हा शिरस्ताच झाला. बँकेच्या आणि कारखान्याच्या अंकातही कविता येते. पण तेवढ्याने तो अंक वाङ्मयीन होत नाही. साहित्याच्या वर्गात ठेवलेल्या पत्रकातील नोकरीची माहिती, ती ज्याला हवी त्या तरुणाच्या दृष्टीस पडणार नाही. आणि काव्याचा शोध घेणारा रसिक चार ओळींसाठी आलेला असेल तर निराश होऊन परत जाईल. एका चुकीने दोघांचा वेळ वाया जाईल.

दुसरा मोह अधिक खोल आहे आणि सीमाभागातील वाचकांना तो चटकन समजेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि या प्रश्नावर पुढे विपुल लेखन झाले. ‘सीमाप्रश्न’ हा एक खरा आणि महत्त्वाचा वर्ग आहे, याबद्दल दुमत नसावे. परंतु बेळगावहून आलेले प्रत्येक मराठी पत्रक त्याच वर्गात टाकले जाऊ लागले, तर त्यासारखा अन्याय नाही. पुण्या-मुंबईच्या कपाटात पिरनवाडीचे भात, पिरनवाडीची शाळा, पिरनवाडीचा कामगार हे सारे एका राजकीय धारिकेत बंद होतील. या भागातील मराठी माणूस शेती करतो, लेथ चालवतो, मुलांना शिकवतो, आजारी पडतो आणि बरा होतो, हे त्या धारिकेवरून कोणाला कळणारच नाही. भाषा हा विषय नव्हे. मराठीत लिहिलेले शेतीचे पत्रक हे शेतीचेच पत्रक असते. त्याला त्याच्या खऱ्या विषयाची जागा देणे म्हणजे त्या भाषेतील जीवनाचा पूर्ण विस्तार मान्य करणे होय.

मग निर्णय कसा करावा? याची रीत अगदी साधी आहे. एक अंक पाहून वर्ग ठरवू नये. पहिला अंक नेहमीच संकल्पांनी भरलेला असतो. वर्षभराचे अंक घ्यावेत आणि कोणत्या विषयाला किती स्तंभ मिळाले ते मोजावे. समजा, शंभर स्तंभांपैकी पंचावन्न कारखान्यांतील कामधंद्याविषयी निघाले, पंचवीस शेतीविषयी आणि उरलेले किरकोळ, तर वर्ग उद्योगधंद्याचा. मोजणीनंतर दुसरा प्रश्न विचारावा : हा अंक वेळेवर आला नाही तर चौकशी करावयास कोण येईल? ज्याच्या वाचून ज्याचे अडते तोच त्या पत्राचा खरा वाचक. स्तंभांची मोजणी आणि हा वाचक एकाच दिशेला बोट दाखवीत असतील तर शंका उरत नाही. दोन्हींत विरोध आला तर वाचकाच्या बाजूने कौल द्यावा. तिसरा प्रश्न शेजाराचा. या वर्गात ठेवल्यास त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला कोणती पत्रे येतील आणि त्यांच्या वाचकाला हे पत्र उपयोगी वाटेल का?

एक वर्ग निवडला म्हणून बाकीचे पैलू पुसले जात नाहीत. तालिकेत मुख्य नोंद ‘उद्योग’ या विषयाखाली करून ‘पिरनवाडी’ या स्थळाखाली एक पत्र, ‘शेती’खाली एक पत्र आणि त्यांवर ‘हेही पाहा’ अशी सूचना देता येते. पन्नास वर्षांनी गावाचा इतिहास लिहू पाहणारा संशोधक स्थळाच्या पत्रावरून तेथे पोहोचेल. कपाटात घर एकच असावे. तालिकेत दारे अनेक असावीत. मजकूर मराठी व कानडी असा दुभाषी असेल तर दोन्ही भाषांत नोंद करावी आणि दोन्हीकडून एकाच जागेचा निर्देश करावा. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड सिद्ध केला तो अशाच चिकाटीच्या नोंदींतून. शेकडो विस्मृत छापील वस्तू आज सापडतात, कारण कोणीतरी त्यांना नाव आणि जागा देण्याचे कष्ट घेतले.

वर्ग बदलावा लागला तर? ‘किर्लोस्कर’च्या उदाहरणावरून असे दिसते, की जिवंत नियतकालिकाचा वर्ग बदलणारच. त्यात कमीपणा नाही. परंतु बदल उघडपणे करावा. संपादकाने तो वाचकांना सांगावा, ग्रंथपालाने जुन्या पत्रावर नव्या जागेचा उल्लेख करावा आणि जुने अंक नव्या अंकांपासून तुटू देऊ नयेत. नियतकालिकांना दिला जाणारा आठ अंकी आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकही शीर्षकात महत्त्वाचा बदल झाला की नव्याने घ्यावा लागतो. नाव बदलले की जगाच्या दृष्टीने ती नवी वस्तू होते; दोन्ही एकाच कुळातील आहेत हे सांगणारा दुवा तालिकेनेच द्यावयाचा असतो.

कायद्याकडून या बाबतीत मदतीची अपेक्षा करता येत नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या, १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने पत्राचे नाव, भाषा आणि प्रसिद्धीचा काळ विचारला. सार्वजनिक बातम्या व त्यांवरील भाष्य ही त्याची कसोटी ठेवली. पत्र कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न कायद्याचा नाही.

आज अनेक वार्तापत्रे कागदावर छापलीच जात नाहीत. ती संगणकावरून थेट वाचकाच्या हातातील दूरध्वनीवर जातात आणि पाठविणाऱ्याला आरंभीच एका यादीतून आपला वर्ग निवडावा लागतो. जे काम ग्रंथपाल करीत असे ते आता संपादकाकडे आले आहे. येथे मोह होतो तो सर्वांत गर्दीच्या वर्गाचा. जेथे वाचक पुष्कळ तेथे आपणही असावे असे वाटते. पण जत्रेच्या गर्दीत हरवलेले मूल जसे कोणाला दिसत नाही, तसे लहान पत्र मोठ्या वर्गात दिसत नाही. लहान परंतु नेमक्या वर्गात त्याचा वाचक त्याला शोधत येतो. वर्षभर दर अंकात जे वचन पाळता येईल तोच वर्ग निवडावा. प्रतिष्ठेसाठी निवडलेला वर्ग तिसऱ्या-चौथ्या अंकातच खोटा पडतो आणि एकदा निराश झालेला वाचक पुन्हा येत नाही.

श्रोतेहो, शताब्दीच्या निमित्ताने या ग्रंथालयाच्या सभासदांनी एक छोटे काम अंगावर घ्यावे. घरी, मंडळात, कारखान्यात, शाळेत जी जुनी वार्तापत्रे गठ्ठ्यांनी पडली असतील ती बाहेर काढावीत. प्रत्येक गठ्ठ्यावर त्याचे नाव, गाव, वर्षे आणि एक खरा विषय लिहून तो ग्रंथपालाच्या हाती द्यावा. ‘इतर’ असे मात्र कोणत्याही गठ्ठ्यावर लिहू नये.